वांबोरी फाटा ते बुरीराम

श्रोतेहो, छप्पन्नाव्या वर्षी माणसानं काय करावं याबद्दल आपल्या समाजात साधारण एकमत आहे. गुडघे सांभाळावेत, साखर तपासून घ्यावी, मुलामुलींच्या लग्नाचं बघावं. कवी असेल तर समग्र कवितांचा संग्रह काढण्यासाठी प्रकाशक शोधावा. मी त्या वर्षी, म्हणजे 2024 च्या फेब्रुवारीत, पोटाला काचणारा चामड्याचा सूट घालून थायलंडमधल्या एका रेसट्रॅकवर मोटारसायकल चालवली. नगरला परत आल्यावर मित्रांनी विचारलं, "त्यावर कविता लिहिली का?" नाही लिहिली. ती काही केल्या होईना, म्हणून आज हे बोलतो आहे.

आधी घराविषयी थोडं सांगायला हवं. आमच्या वडिलांचं नगरमध्ये सायकलचं दुकान. 1972 साली लूना बाजारात आली आणि ती आमच्या गावातल्या कारखान्यात तयार व्हायला लागली, तेव्हा नगरच्या सायकलवाल्यांचं नशीबच पालटलं. पन्नास सीसीचं ते यंत्र. पेट्रोल संपलं तर पेडल मारत घरी यावं. गवळी, पोस्टमन, मास्तर, सगळे लूनावर. पंक्चरवाले मेकॅनिक झाले. माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला भाईजान म्हणायचो, सातवीनंतर शाळा सोडून पान्यांच्या पेटीपाशी बसला. मला मात्र त्यानं बी.ए. होऊ दिलं. "घरात एकानं तरी स्वच्छ हातांनी जेवावं," असं तो म्हणायचा. पुढे दुकानाला स्पेअर पार्ट जोडले. हिशेब माझ्याकडे, इंजिन त्याच्याकडे.

मला लूना त्यानंच शिकवली, भुईकोट किल्ल्याजवळच्या मोकळ्या जागेत. वेगाचं वेड मात्र त्याच्या एकट्याच्या वाट्याला आलं. जत्रेत 'मौत का कुआँ' लागला की तो तीन-तीन तिकिटं काढायचा. वर उभं राहून खाली बघणाऱ्या बाकीच्या लोकांना माणूस दिसायचा, त्याला कार्बोरेटर ऐकू यायचा. लष्कराची वाहनं तपासणारी संस्था, व्हीआरडीई, आमच्या गावच्या वेशीवर. आत चाचणीचे ट्रॅक आहेत हे सगळ्या नगरला ठाऊक. आज तिथं नागरी वाहनांचीही तपासणी होऊन प्रमाणपत्रं मिळतात. भाईजान तेव्हा म्हणायचा, "या भिंतीच्या आत रस्ता आहे आणि समोरून कोणी येत नाही. एकदा फक्त जायला मिळालं पाहिजे." ते त्याला कधी मिळालं नाही.

1996 च्या जानेवारीत भाईजान गेला. नगर-मनमाड रस्त्यावर, वांबोरी फाट्याच्या पुढे, रात्री साडेदहाच्या सुमाराला. गळिताचा हंगाम होता. उसानं भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती. चाकामागे दगड लावलेले, धोक्याची खूण म्हणून उसाचं वाढं रोवलेलं. मागे दिवा नाही, तांबडी काच नाही. समोरून येणाऱ्या ट्रकचा उजेड डोळ्यांवर. राजदूतचा दिवा तो केवढा! माझा पुतण्या तेव्हा तीन वर्षांचा होता.

नगर जिल्ह्यातल्या श्रोत्यांना यात नवीन काही वाटणार नाही. आशियातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना आपल्याकडे लोणीला उभा राहिला, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण हंगामातल्या रात्री या रस्त्यांवरून दुचाकी चालवणाऱ्याला विचारा. उसाची ट्रॉली मागून दिसत नाही. ती रस्त्याचाच काळा तुकडा वाटते.

असो. पुतण्या मोठा झाला, दुकान त्यानं हाती घेतलं आणि बापाचं वेड त्याच्या हातात आपोआप आलं. चारशे सीसीची मोटारसायकल घेतली. रविवारी पहाटे जिल्ह्यातली पाच-सात मंडळी जमायची. संगमनेरचे एक डॉक्टर, राहुरीचे एक बागाईतदार, श्रीरामपूरचे गणिताचे मास्तर, भिंगारचा एक फौजी निवृत्त होऊन आलेला. चहा प्यायला भंडारदऱ्याला जातो म्हणून निघायचे. आता चहा काय नगरला मिळत नाही? पुढं कळलं की पुतण्या रात्रीही निघतो, एकटाच, बायपासवर. एका गिऱ्हाइकानं मला सांगितलं, "तुमच्या पोराला काल दीडशेनं जाताना बघितलं."

भाभींना मी सांगितलं नाही, पण त्यांना कळलं. त्या रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "उसके बाप कू बी कोई रोक नहीं सक्या था." आमच्या घरात दखनी बोलतात, ज्यांना ती समजत नाही त्यांच्यासाठी सांगतो, याच्या बापालाही कोणी थांबवू शकलं नव्हतं.

तेव्हा डॉक्टरांनी तोडगा काढला. म्हणाले, "त्याला वेगानं जायचंय ना, मग वेगासाठी बांधलेल्या रस्त्यावर घेऊन जाऊ." याला ट्रॅक डे म्हणतात. मीही हा शब्द तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. ही शर्यत नसते, बक्षीस नसतं. रेसट्रॅक एक दिवस भाड्यानं घेतात, चालवणाऱ्यांचे अनुभवाप्रमाणे तीन-चार गट पाडतात आणि प्रत्येक गटाला आळीपाळीनं पंधरा-वीस मिनिटं ट्रॅकवर सोडतात. आपल्याकडेही अशी सोय आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला 1990 पासून ट्रॅक आहे, कोईमतूरला आहे, ग्रेटर नोएडाचा 2011 चा आहे. महाराष्ट्रात पुण्याला धुळीतल्या शर्यतींची परंपरा आहे, नाशिकला रॅली भरते, कोल्हापूरची पोरं कार्टिंगमध्ये नाव काढतात. मग परदेशी कशाला? याची दोन कारणं. तिथं गाडी, सूट, हेल्मेट सगळं भाड्यानं मिळत होतं. आणि दुसरं, बागाईतदारांना एकदा विमानात बसायचं होतं. त्या वेळी थायलंडनं भारतीयांना व्हिसाही माफ केला होता.

पुतण्या तयार झाला. भाभींनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "तुम बी जाव उसके साथ." मी म्हटलं, मी जाऊन काय करू, काठावर बसून टाळ्या वाजवू? पण रात्री मनात आलं की नुसतं बसून बघणं मला जमणार नाही. मी अट घातली, मीही चालवीन. पुतण्या हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला.

बुरीराम हे गाव थायलंडच्या ईशान्य भागात, बँकॉकपासून साधारण चारशे किलोमीटरवर. आम्ही व्हॅननं निघालो. वाहनं आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात, त्यामुळे परकं वाटत नाही. दुपारनंतर दोन्ही बाजूंना ऊस दिसायला लागला. बागाईतदार काचेला नाक लावून बसले. "वाण कोणता असेल हो?" असं मलाच विचारायला लागले. तो भाग भाताचा आणि उसाचा, आणि हंगाम चालू होता. संध्याकाळी आमच्या पुढे उसानं शिगोशीग भरलेला एक ट्रक लागला. व्हॅनमध्ये गप्पा रंगल्या होत्या. मी मात्र त्या ट्रकच्या मागच्या दोन तांबड्या दिव्यांकडे बघत राहिलो, तो वळून जाईपर्यंत. पुतण्याही तिकडेच बघत होता. आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही.

खाण्याचे हाल झाले हे सांगायलाच हवं. मला हलाल पाहिजे, मास्तर माळकरी. दोघांनी मिळून केळी, फणस आणि पांढरा भात यावर तीन दिवस काढले. मास्तर म्हणाले, "आपला धर्म वेगळा, पण उपास एकच निघाला."

ट्रॅक 2014 साली सुरू झालेला. लांबी 4.554 किलोमीटर, वळणं बारा. आखणी हर्मन टिल्के या जर्मन वास्तुविशारदाची, दिल्लीजवळचा आपला ट्रॅकही त्याचाच. 2018 पासून मोटारसायकलींची जागतिक शर्यत, मोटोजीपी, इथं होते. शेजारी फुटबॉलचं मोठं स्टेडियम. एका लहानशा शेतीप्रधान गावाला हे सगळं कसं सुचलं, असा प्रश्न पडतो. आपल्याकडे गावोगावी साखरसम्राट असतात; तिथं फुटबॉलसम्राट आहेत, एवढंच मी समजून घेतलं.

सकाळी सात वाजता आम्हाला एका खोलीत बसवलं. झेंडे समजावून सांगितले. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, हळू व्हा, कोणाला ओलांडू नका. तांबडा म्हणजे सगळं थांबलं, हळूहळू पिट लेनमध्ये परत या. काळा म्हणजे तुम्ही काहीतरी चूक केली आहे, बाहेर या. एक सूचना प्रशिक्षकांनी दोनदा सांगितली. कोणी पडलं तरी, तो तुमचा सख्खा भाऊ असला तरी, तुम्ही ट्रॅकवर थांबायचं नाही. मागून येणाऱ्याला तुम्ही दिसणार नाही. मदत करायला मार्शल आहेत. तुम्ही फेरी पूर्ण करायची आणि आत यायचं.

मोटारसायकलींचे आरसे काढलेले होते. मला हे विचित्र वाटलं. आयुष्यभर भाईजाननं सांगितलं होतं, आरसा बघ, आरसा बघ. इथं मागचा माणूस मागच्याची जबाबदारी घेतो, पुढच्यानं फक्त पुढे बघायचं. दिव्यांवर चिकटपट्टी लावलेली, म्हणजे गाडी पडली तर काचा विखुरणार नाहीत. माझ्या वाट्याला तीनशे सीसीची एक गाडी आली. सूट चढवायला डॉक्टर आणि फौजी दोघे लागले. गुडघ्यांना प्लॅस्टिकच्या वाट्या लावलेल्या असतात, वळणात गाडी झुकली की त्या जमिनीला घासाव्यात म्हणून. माझ्या वाट्या जशा आल्या तशाच कोऱ्या परत गेल्या.

प्रशिक्षक एक मध्यमवयीन थाई गृहस्थ होते, इंग्रजी मोजून बोलायचे. त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. ब्रेक सरळ असताना मारा, वळणात नाही. वळणात बाहेरून शिरा, आतल्या कडेला स्पर्श करा, पुन्हा बाहेर पडा. आणि नजर. जिकडे बघाल तिकडे गाडी जाईल. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात जाल. म्हणून जिथं जायचं आहे तिकडे बघा. तिसरी गोष्ट ऐकून माझ्या मनात काय आलं ते सांगतो. वांबोरी फाट्याच्या पुढे भाईजाननं कुठं बघितलं असेल? त्याला बघायला काही होतंच कुठे? अठ्ठावीस वर्षं मी स्वतःला एक प्रश्न विचारत होतो, की तो जोरात होता का. लोक तसंच म्हणाले होते, पोलिसांच्या कागदातही तसंच आलं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, तो जोरात नसेलही. जे दिसतच नाही त्यातून नजर काढून कुठे न्यायची?

पहिली फेरी मी दोन मिनिटं सेहेचाळीस सेकंदांत केली. अव्वल रेसर तेवढंच अंतर दीड मिनिटाच्या आसपास कापतात. तरीही मला वाटलं की मी उडतोय. समोरून कोणी येत नाही ही गोष्ट शरीराला पटायलाच तीन फेऱ्या लागल्या. आपल्या रस्त्यावर आपण किती गोष्टी एकाच वेळी सांभाळत असतो, कुत्रं, म्हैस, उलटा येणारा रिक्षावाला, ओढणी, गतिरोधक, ते सगळं अंगातून उतरायला लागलं. त्या ओझ्याची इतकी सवय झालेली असते की ते उतरल्याशिवाय कळतच नाही. सरळ रस्त्यावर हेल्मेटच्या आत मी मोठ्यानं हसलो. मला स्वतःलाच ऐकू आलं. ते हसणं भाईजानचं होतं, मौत का कुआँच्या कठड्यावरचं.

दुपारनंतरच्या फेऱ्यांत पुतण्या माझ्याच गटात आला होता. मुद्दाम, मला सोबत म्हणून. तो मला ओलांडून गेला, हात हलवला, तिसऱ्या वळणाकडे निघाला. हे वळण लांब सरळ रस्त्यानंतर उजवीकडे एकदम मागे वळतं. मी तिथं पोचलो तेव्हा पिवळा झेंडा हलत होता. डावीकडे खडीत मोटारसायकल आडवी पडलेली. धूळ. एक माणूस जमिनीवर. सूट काळा, पट्टे पांढरे. पुतण्याचा.

मी थांबलो नाही.

हे मला नीट सांगायचं आहे. थांबायचं नाही ही सूचना होती म्हणून मी थांबलो नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे माझ्या हातांना थांबायचं कसं तेच आठवेना. पुढची नऊ वळणं मी कशी पार केली ते आठवत नाही. फक्त एक आठवतं, मी दरूद पढत होतो आणि मध्येच ते विसरत होतो. 1996 साली मी श्रीरामपूरला होतो. कविसंमेलन होतं. माझी शेवटची एसटी चुकली होती. मी एसटीडी बूथवरून शेजाऱ्यांकडे फोन केला होता की भाईजानला सांगा, मला न्यायला ये. बोलावणारा मी होतो. तो माझ्यासाठी निघाला होता. हे मी भाभींना सांगितलं होतं, पोलिसांना सांगितलं होतं. पुतण्याला मात्र कधीही सांगितलं नव्हतं. तेवढ्या एका फेरीत मला फक्त एवढंच वाटत होतं, की हे न सांगताच राहून जाणार.

पिट लेनमध्ये शिरलो तेव्हा डॉक्टर हात वर करून उभे होते. "उभा राहिलाय, चालतोय." मार्शल त्याला गाडीत घालून वैद्यकीय खोलीत घेऊन गेले होते. डाव्या अंगठ्याला मुरगळ, कोपराला खरचटलेलं. सूटच्या खांद्यावरचं चामडं खडीनं पांढरं झालेलं. त्या चामड्याच्या जागी शर्ट असता तर, असा विचार तिथं करायचा नसतो, पण मी केला. गाडीच्या नुकसानीचे पैसे भरावे लागले. ते किती, ते भाभींना अजून माहीत नाही. हा कार्यक्रम त्या ऐकतात, म्हणून आकडा सांगत नाही.

मी त्याच्या शेजारी बाकावर बसलो. त्याच्या अंगठ्यावर बर्फ धरलेला. आणि मी ते सांगून टाकलं. एसटी, फोन, शेजारी, सगळं. सांगताना मी जमिनीकडे बघत होतो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "चाचा, मला ठाऊक आहे. मी दहावीला होतो तेव्हा अम्मीनं सांगितलं."

"मग तू कधी बोलला नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो."

सतरा वर्षं तो थांबला होता. मी कवी म्हणवतो, पण त्या क्षणी मला बोलायला एक शब्द सुचला नाही. मी त्याच्या हातातला बर्फ घेतला आणि मीच धरून बसलो. शेवटच्या सत्रात मी एकटाच गेलो. तो कठड्यावर उभा होता. माझी वेळ दोन मिनिटं एकतीस सेकंद. त्यानं ती आपल्या हातावर पेनानं लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही फानोम रुंग बघायला गेलो. विझलेल्या ज्वालामुखीच्या डोंगरावरचं ख्मेर राजवटीतलं शिवमंदिर. पंधरा दरवाजे एका रेषेत. वर्षातल्या ठराविक दिवशी उगवत्या किंवा मावळत्या सूर्याचं किरण सगळ्यांतून आरपार जातं. एका दरवाजावर शेषशायी विष्णूची शिळा आहे. ती साठच्या दशकात चोरीला गेली होती, शिकागोच्या संग्रहालयात सापडली, 1988 साली परत आली. मास्तरांनी हात जोडले. मी आपल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना आठवलं. त्यांनी तीन-चारशे वर्षांपूर्वी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. या डोंगरावर ते रमले असते. पण खरं सांगतो, त्या दिवशी माझं लक्ष मंदिरात कमीच होतं. पुतण्या पायऱ्या उतरताना माझा हात धरत होता, आणि आधार नेमका कोण कोणाला देतंय ते कळत नव्हतं.

परतीच्या विमानात डॉक्टरांनी एक आकडा सांगितला. 2022 साली भारतात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली, आणि त्यांत शंभरातले चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरचे होते. थायलंडची स्थिती याहून वाईट आहे. तिथं रस्त्यावर मरणाऱ्यांत फार मोठा वाटा मोटारसायकलवाल्यांचा असतो. आम्ही ज्या देशात सुरक्षित वेग शिकायला गेलो होतो, तिथल्या ट्रॅकच्या भिंतीबाहेर आमच्यासारखीच गत. हे ऐकून बागाईतदार बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. त्यांच्या स्वतःच्या दोन ट्रॉल्या आहेत.

पुतण्या रात्री बायपासवर जायचा बंद झाला, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कमी झालं. त्याचं त्यालाच कंटाळवाणं वाटायला लागलं, असं तो म्हणतो. आरसे लावलेल्या गाडीवर मजा येत नाही म्हणे.

त्या वर्षी पावसाळा संपला. गावाचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, आमच्या दुकानाची पाटी अजून जुनीच आहे. गळिताचा हंगाम सुरू झाला तेव्हा एका संध्याकाळी बागाईतदार दुकानात आले. तांबडी चमकणारी चिकटपट्टी किती मीटर आहे म्हणून विचारलं. होती तेवढी सगळी घेतली. पुढच्या रविवारी भंडारदऱ्याचा चहा रद्द झाला. आम्ही सगळे वांबोरी फाट्यावर उभे राहिलो, फडकी आणि कात्री घेऊन. ट्रॉली आली की थांबवायची, मागची फळी पुसायची, पट्टी लावायची. काही ड्रायव्हर चिडले, खेपा चुकतात म्हणून. एकानं विचारलं, कारखान्याकडून आलात का? पाथर्डीकडचं एक तरुण जोडपं होतं, बैलांच्या टायरगाडीवर. गाडीला मागे लाकडी फळीच नव्हती, नुसता ऊस. पट्टी लावायची कुठे? पुतण्यानं थोडा विचार केला, आपल्या मोटारसायकलच्या डिकीतून पत्र्याचा एक जुना तुकडा काढला. लूनाचा मडगार्ड होता तो, भाईजानच्या पेटीतला. त्याला पट्टी गुंडाळली आणि तारेनं उसाच्या मोळीला बांधली.

बाई म्हणाली, "दादा, हे परत कुठं आणून द्यायचं?"

"हंगाम संपला की द्या," पुतण्या म्हणाला, आणि दुकानाचा पत्ता सांगितला.